गाडी ‘मिसिंग’ मारतेय? पार्ट बदलण्याआधी सिलिंडर शोधा

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बॉनेट उघडून, फोन हातात धरून वाचता यावा म्हणून टेस्ट क्रमाने दिल्यात.

तळेगाव दाभाडेत पाऊस लागला की जुन्या गाड्यांची एक तक्रार हमखास येते: सकाळी इंजिन थरथरतं, पिकअप मिळत नाही. आमच्या घरच्या २००६ सालच्या तीन सिलिंडरच्या एमपीएफआय गाडीचं तेच झालं. खोपोलीहून खंडाळ्याकडे घाट चढताना ती झटके द्यायची. एका गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, ‘तिन्ही इंजेक्टर आणि कॉइल बदला.’ एवढा खर्च करायचा की गाडी विकायची, यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. मी म्हटलं, आधी डीबग करू.

मिसफायर म्हणजे काय?
सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवा पेटायला तीन गोष्टी लागतात: स्पार्क, योग्य मिश्रण आणि कॉम्प्रेशन. एक जरी कमी पडली, तर तो सिलिंडर काम करत नाही. ९०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४५० वेळा पेटायला हवा. तीनपैकी एक बंद पडला की एक तृतीयांश ताकद गेलीच, शिवाय बॅलन्सही बिघडतो. म्हणून थरथर.

स्कॅनर लावू का?
लावून बघा, पण भरवसा ठेवू नका. भारतात ओबीडी-२ सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या बऱ्याच गाड्या स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरशी बोलतच नाहीत. बोलल्या तर कोड बघा: पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा. पी०३०० आला तर मिसफायर एकाच सिलिंडरचा नाही.

टेस्ट १: दोषी सिलिंडर
इंजिन बंद करा, एका इंजेक्टरचा कनेक्टर काढा, मग चालू करा. थरथर वाढली तर तो सिलिंडर चांगला. काहीच फरक पडला नाही तर आरोपी सापडला. इंजिन चालू असताना प्लगची वायर ओढू नका. हजारो व्होल्टचा झटका बसतो, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं.

टेस्ट २: अदलाबदल
इंजिन थंड झाल्यावर दोषी सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. मिसिंग प्लगबरोबर सरकलं तर प्लग खराब. नाही सरकलं तर प्लग जागेवर ठेवून वायर बदलून बघा, लांबी पुरत असेल तर. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर बग कुठे होता ते कळणारच नाही.

प्लगचा रंगही बघा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओला म्हणजे बहुधा स्पार्क नाही. तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचा संशय घ्या.

टेस्ट ३: अंधारात पाणी
रात्री गाडी मोकळ्या जागी उभी करा. इंजिन चालू ठेवून प्लग वायरवर स्प्रे बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. हात लांब! वायर तडकलेली असेल तर निळ्या ठिणग्या दिसतात. आमच्याकडे हेच निघालं: दुसऱ्या सिलिंडरची वायर. ओलाव्यात स्पार्क प्लगपर्यंत पोचायच्या आधीच इंजिनच्या लोखंडावर उडी मारत होता. वायरचा सेट बदलला, इंजेक्टर जुनेच राहिले, गाडीही राहिली.

तरी मिसिंग गेलं नाही तर?
लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजेक्टरला लावा. टिकटिक ऐकू आली नाही तर इंजेक्टर किंवा त्याचं वायरिंग बघा. आयडलला खराब पण रेस केल्यावर बरं वाटत असेल, तर तडकलेला व्हॅक्यूम पाइप शोधा. शेवटी कॉम्प्रेशन टेस्ट, ती गॅरेजमध्येच करून घ्या. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

एक विनंती: मिसिंग मारणारी गाडी घाटात नेऊ नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो वितळू शकतो. मग स्वस्तातलं काम महागात पडतं. आणि धुक्यात, ट्रकच्या रांगेत पिकअप गेला तर प्रश्न पैशांचा उरत नाही.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत प्लग काढून बघा!