उघड्या दाराची प्रार्थना

1825 च्या पावसाळ्यात कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर पनवेलहून पुण्याला निघाले. बोरघाट चढण्याआधी त्यांनी खोपोलीत महादेवाचे देऊळ आणि तिथला मोठा तलाव पाहिला. दोन्ही नाना फडणवीसांनी बांधलेली. हेबर यांनी रोजनिशीत त्यांची आवर्जून नोंद केली. पुढच्याच वर्षी ते त्रिचनापल्लीत वारले आणि 1828 साली त्यांच्या पत्नीने ती रोजनिशी छापून काढली.

देवाच्या पावित्र्याचे जे स्तोत्र जगभरच्या चर्चमध्ये आजही उभे राहून गातात, ते याच हेबर यांचे. पण मूर्तिपूजकांना आंधळे ठरवणारे 1819 सालचे मिशनरी गीतही त्यांचेच, आणि त्यावर गांधीजींनी पुढे जाहीर नापसंती दाखवली. एकाच माणसाच्या लेखणीतून दोन्ही उतरले, यात मला फारसे नवल वाटत नाही. देवापुढे लवणारी मान शेजाऱ्याच्या देवळासमोर ताठ होते, हे काही एकट्या ख्रिस्ती माणसाचे दुखणे नव्हे.

रायगडच्या किनाऱ्यावर, चौल-कोर्लईला, ख्रिस्ती वस्ती पोर्तुगीज काळापासूनची. घाटाखालच्या कर्जत-खालापूरची गोष्ट निराळी. माथेरानची चर्चेस उन्हाळ्यात वर येणाऱ्या साहेबलोकांची. बाकी वस्ती आली ती मुख्यतः रेल्वेबरोबर आणि पुढे खोपोलीच्या कारखान्यांबरोबर. 1856 साली गाडी खोपोलीपर्यंत पोचली, 1863 साली बोरघाट खुला झाला. म्हणजे इथला ख्रिस्ती माणूस पहिल्यापासून दुसऱ्यांच्या गर्दीतला. त्याची भक्ती बघायची तर चर्चपेक्षा रोजच्या जगण्यात बघावी लागते.

अशा भक्तीचा, या लोहमार्गाशी जोडलेला सर्वांत बोलका दाखला पंडिता रमाबाईंचा. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. सदनात धर्मशिकवण द्यायची नाही, असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्याबरोबर रोज प्रार्थना करीत, पण खोलीचे दार उघडे असे. ज्या मुलींना वाटे त्या येऊन बसत. एवढ्यावरून पुण्यात गदारोळ उठला आणि 1893 साली रानडे-भांडारकरांसारखी मंडळी सल्लागारपदावरून दूर झाली. त्यांची अडचण खोटी नव्हती: विधवा लेकींना विश्वासाने पाठवणाऱ्या घरांना ते उत्तरदायी होते, आणि कोवळ्या मुलीवर उघड्या दाराचाही ओढा पडतोच. रमाबाईंचे म्हणणे मात्र सरळ होते. दुसऱ्यांना आपापला धर्म पाळायची मोकळीक आहे, मग मी माझा देव चोरून का भजावा? मला या वादात दोन्ही बाजू पटतात, तरी जीव रमाबाईंकडे झुकतो. लोकांच्या भीतीने दार लावून घेतले असते, तर आदरात देवापेक्षा लोकच मोठे ठरले असते.

दोन वर्षांनी, एप्रिल 1895 मध्ये, घाटमाथ्यावर लोणावळ्याला ख्रिस्ती मेळावा भरला. रमाबाई पंधराएक ख्रिस्ती मुलींना घेऊन तिथे गेल्या. एके दिवशी सूर्य उगवायच्या आत त्या रानात एकांतात गेल्या, या पंधराजणींबद्दल देवाचे आभार मानले, आणि या संख्येचा वर्ग कर असे मागितले. पंधराचे दोनशे पंचवीस. मागणे धीट, जवळजवळ हिशेबीच. देवाचे भय म्हणजे त्याच्यासमोर चळचळ कापणे, असे मानणाऱ्याला हा उद्धटपणा वाटेल. पण ज्याचा शब्द आपण रोज पाळतो, त्याच्याकडेच माणूस असे हक्काने मागतो. मागून त्या स्वस्थही बसल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली गोळा केल्या आणि त्यांच्यासाठी केडगावला विहिरी, शेती, पुढे छापखाना उभा केला. हिब्रू-ग्रीक शिकून खेड्यातल्या बाईला कळेल असे मराठी बायबल केले. 1922 च्या एप्रिलमध्ये त्यांनी डोळे मिटले, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते.

आज इथल्या ख्रिस्ती घरांत देवाविषयीचा हा आदर दिसतो तो बारीकसारीक गोष्टींत. पवित्र शास्त्र जमिनीवर ठेवायचे नाही. प्रार्थनेला बाईने डोक्यावर पदर घ्यायचा. पानावर बसल्यावर पहिल्या घासाआधी डोळे मिटायचे, मग पाहुणा कुठल्याही धर्माचा असो. कारखान्यात रविवारी पाळी लागली, तर कौटुंबिक उपासना संध्याकाळवर जाते.

खरी कसोटी कर्जत लोकलमध्ये लागते. डब्यात भजनी मंडळाचे टाळ वाजत असतात आणि खिडकीशी कुणी मोबाइलवर स्तोत्रसंहिता वाचत असतो. दसऱ्याला डबा सजतो, पूजा होते, पेढे वाटले जातात. घ्यायचा की नाही? मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा हाच प्रश्न करिंथच्या मंडळीपुढे होता. मूर्तीत काही नाही, पण तुझ्या खाण्याने दुबळ्या भावाचे मन डळमळणार असेल तर खाऊ नकोस, असा त्या मंडळीला लिहिलेल्या पौलाच्या पहिल्या पत्रातला रोख. घरोघरी त्याचे अर्थ वेगळे. कुणी पेढा तोंडात टाकतो, कुणी खिशात ठेवतो, कुणी हात जोडून नको म्हणतो. वाटणाऱ्यालाही हे वर्षानुवर्षे माहीत असते. तो जोडलेल्या हातांना हात जोडतो आणि पुढच्या बाकाकडे वळतो.