जुनी लेन्स, नवा कॅमेरा – लेखांक ४ : रंगाची झाक आणली कोणी?

मागच्या आठवड्यात आपण अडॅप्टरचं गणित पाहिलं. एम-४२ आट्यांच्या लेन्सला बैठकीपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं. सोनीच्या ई-माउंट कॅमेऱ्यात ते १८ मिलिमीटर आहे. मधले २७.४६ मिलिमीटर अडॅप्टर भरून काढतो आणि जुनी लेन्स दूरच्या डोंगरावरही नीट फोकस होते. लेन्स बसली, चित्र स्पष्ट आलं, की वाचकांचा पुढचा प्रश्न ठरलेला : रंग असे का आले?

झाक दिसली की बहुतेक जण थेट संगणकावर रंगांच्या पट्ट्या सरकवू लागतात. त्याआधी झाक कोणत्या जातीची आहे हे ठरवायला हवं, कारण प्रत्येक जातीचा उपाय वेगळा आहे. त्यासाठी सांगलीच्या हळदीच्या सौद्याइतकी आणि साताऱ्याच्या कास पठाराइतकी चांगली प्रयोगशाळा मला दुसरी माहीत नाही. दोन्ही जागा एकाच लेन्सबद्दल वेगवेगळी साक्ष देतात.

गुणाकार आणि बेरीज

सेन्सरवर प्रत्येक बिंदूपुढे लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटपासून बहुतेक कॅमेरे हीच मांडणी वापरतात : निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. म्हणजे आपलं चित्र शेवटी तीन आकड्यांचा खेळ आहे. लेन्सची काच पिवळसर असेल तर निळ्याचा आकडा सगळीकडे ठरावीक पटीत कमी होतो. हा गुणाकार झाला. लेन्सच्या आत प्रकाश विखुरला तर तिन्ही आकड्यांत बाहेरून भर पडते, ती बेरीज. कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्सही गुणाकारच करतो. त्यामुळे तो गुणाकाराची झाक काढू शकतो, बेरजेची नाही. आजच्या लेखाचा गाभा एवढाच आहे.

काचच पिवळी असेल तर

लेन्स पांढऱ्या कागदावर ठेवा, झाकणं काढा आणि दिवसाच्या उजेडात वरून पाहा. कागद चहाच्या रंगाचा दिसला तर ती थोरियमच्या काचेची लेन्स असण्याची बरीच शक्यता आहे. पेंटॅक्सच्या सुपर-ताकुमार ५० मिमी एफ/१.४ ची सात भिंगांची आवृत्ती हे याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. थोरियम ऑक्साइड मिसळलेली काच प्रकाशाला जास्त वाकवते, पण रंग फारसे फाकू देत नाही. म्हणून त्या काळच्या लेन्सकारांना ती हवी असे. मात्र थोरियम किरणोत्सारी आहे. त्याच्या किरणांनी काचेतले इलेक्ट्रॉन जागा सोडून भलत्या ठिकाणी अडकतात, तिथे निळा प्रकाश शोषला जातो आणि काच वर्षानुवर्षं पिवळी होत जाते.

हळदीचा डाग उन्हात उडतो हे आपल्या घराघरांत माहीत आहे. ही काचही उन्हानेच निवळते. दोन्हींतली रासायनिक क्रिया वेगळी, पण काम अतिनील किरणांचंच. अडकलेले इलेक्ट्रॉन त्या किरणांनी सुटतात. लेन्सची दोन्ही झाकणं काढून तिच्यावर अतिनील एलईडी दिवा रोज काही तास लावला तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत फरक दिसतो. थेट उन्हात ठेवायची असेल तर सावध राहा : लेन्स ऊन एका बिंदूवर गोळा करते आणि आग लागू शकते, शिवाय उष्णतेने आतलं वंगण पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरतं. मागच्या बाजूला ॲल्युमिनियमची चकचकीत फॉइल लावा आणि लेन्स नजरेआड करू नका. थोरियमचं अर्धायुष्य सुमारे १४ अब्ज वर्षं आहे, त्यामुळे काच पुन्हा पिवळी होणारच. काही वर्षांनी हाच उपचार पुन्हा करायचा. अशी लेन्स कॅमेऱ्यावर वापरायला हरकत नाही. तिची काच घासू किंवा फोडू मात्र नये, आणि डोळ्याला लावायची दुर्बीण म्हणून ती वापरू नये.

उपचार होईपर्यंत ग्रे कार्ड पुरतं. त्याच उजेडात कार्डाचा एक फोटो रॉ फाइलमध्ये घ्यायचा आणि नंतर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर त्यावर टेकवायचा. जेपेगवर विसंबू नका. तिथे प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. निळा निम्मा झाला असेल तर तो दुप्पट करावा लागतो, आणि त्याबरोबर निळ्यातला कणीदारपणाही दुप्पट होतो.

आता सौद्यात जाऊ. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा रंग हीच तिची ओळख. पण पिवळी लेन्स तपासायला हळदीसारखा फसवा साक्षीदार नाही. समजण्यापुरते आकडे घेऊ. पांढऱ्या टोपीचे लाल, हिरवा, निळा असे आकडे २००, २००, २०० असतील आणि लेन्सने निळा सत्तर टक्क्यांवर आणला, तर टोपी २००, २००, १४० होते. कोणालाही ती पिवळट दिसेल. हळदीचे आकडे २००, १५०, २० असतील तर ते २००, १५०, १४ होतील. हा फरक डोळ्याला जाणवत नाही. हळदीतला कर्क्युमिन निळा प्रकाश आधीच शोषून घेतो, म्हणून लेन्सला गिळायला तिथे फारसं काही उरत नाही. सौद्यातल्या फोटोत झाक शोधायची ती शेतकऱ्याच्या टोपीत, शर्टात, भिंतीच्या चुन्यात.

तिथे ऑटो व्हाइट बॅलन्सही बंद ठेवा. चौकटभर हळद दिसली की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो निळा वाढवून हळदीचं सोनं उतरवून टाकतो.

सावलीत शिरलेला पिवळा

कार्ड वापरूनही टोपी पांढरी आली आणि सावल्या पिवळट राहिल्या तर ती बेरीज आहे. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. हेलिओस-४४ सारख्या सहा भिंगांच्या, चार गटांच्या रचनेत हवेला लागलेले पृष्ठभाग आठ. कोटिंग नसतं तर तिच्यातून जेमतेम ७२ टक्के प्रकाश सरळ पार झाला असता आणि उरलेल्यातला काही आतच उसळत सेन्सरवर पसरला असता. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये कोटिंगची वाट दाखवली. बहुस्तरीय कोटिंग मात्र १९७० च्या दशकात रुळलं. त्याआधीच्या लेन्सवर बहुधा एकच थर असतो.

ढिगांवरून येणारा पिवळा उजेड अशा लेन्समध्ये विखुरला की तो सगळ्या चौकटीवर सारखा पसरतो. सावलीचे ६, ६, ६ हे आकडे त्यामुळे १६, १४, ७ होतात. टोपी २१० च्या आसपास जाते आणि जवळजवळ पांढरीच राहते. टोपी पाहून केलेला व्हाइट बॅलन्स सावलीला पोचत नाही. याचा खरा उपाय हूड आणि चौकटीबाहेरच्या उजेडाला हाताची आड. त्यातूनही राहिलेली झाक कर्व्हजमध्ये लाल आणि हिरव्याचा काळा बिंदू वेगवेगळा उजवीकडे सरकवून वजा करायची.

कडांना बदलणारी झाक

मधला भाग बरोबर आणि कडा किरमिजी, किंवा एक कड हिरवट नि दुसरी लालसर, असं दिसलं तर गुणाकार जागेप्रमाणे बदलतो आहे. आरशाच्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यांच्या लेन्सना आरशासाठी मागे जागा सोडावी लागे, म्हणून पेंटॅक्स, निकॉन, झेनिटच्या लेन्समध्ये हे क्वचित दिसतं. रेंजफाइंडरच्या वाइड लेन्सचं मागचं भिंग मात्र फिल्मला खेटून असे. सोव्हिएत ज्युपिटर-१२ किंवा फोइग्टलेंडरच्या १५ मिमी हेलियारच्या पहिल्या आवृत्त्या अशाच. त्यांचे किरण कडेला फार तिरपे पडतात, शेजारच्या रंगाच्या बिंदूत सांडतात, आणि सेन्सरवरच्या अवरक्तरोधक काचेतून वेगळ्या प्रमाणात गाळले जातात.

इथे एक ग्रे कार्ड पुरत नाही. साइनबोर्ड बनवणाऱ्या दुकानातून दुधी ॲक्रिलिकचा दोन-तीन मिलिमीटर जाडीचा तुकडा आणा. फोटो घेतला त्याच ॲपर्चरला, त्याच फोकसला तो लेन्सच्या तोंडाशी सपाट धरून, सारख्या उजेडाकडे रोखून एक फोटो घ्या. मोफत मिळणाऱ्या रॉथेरपीत किंवा लाइटरूम क्लासिकमध्ये फ्लॅट-फील्ड ही सोय आहे; ती या कोऱ्या फोटोवरून बिंदूगणिक दुरुस्ती करते. क्रम लक्षात ठेवा : आधी फ्लॅट-फील्ड, मग ग्रे कार्ड.

कासचा जांभळा

सप्टेंबरात कासला सीतेची आसवं आणि तेरडा फुलला की तक्रार येते : डोळ्याला निळसर-जांभळं दिसलेलं फूल फोटोत गुलाबी झालं. दोष बहुधा लेन्सवर येतो. आधी तेच फूल नव्या लेन्सने टिपून पाहा. तेही गुलाबीकडे झुकलं तर जुनी लेन्स निर्दोष आहे. अनेक निळी-जांभळी फुलं गडद लाल आणि अवरक्त प्रकाशही परत फेकतात. आपला डोळा ७०० नॅनोमीटरच्या पलीकडे जवळजवळ आंधळा. फिल्म नव्हती आणि सेन्सरही पूर्ण आंधळा नाही. फिल्मच्या काळात एजरेटमच्या निळ्या फुलांवरून या दोषाला नावही पडलं होतं. उपाय म्हणजे २४ चौकटींचं रंगपत्रक त्याच उजेडात टिपून त्यावरून कॅमेऱ्याचं प्रोफाइल बनवणं. त्यानेही सगळे जांभळे सुधारतील असं नाही. वनस्पतींची नोंद म्हणून फोटो देणाऱ्यांनी फुलाचा दिसलेला रंग जागेवरच लिहून ठेवावा.

पठारावर ढग येतात-जातात आणि उजेड मिनिटामिनिटाला बदलतो, म्हणून कार्डाचा फोटो दर वेळी नव्याने घ्या. गेंदाच्या पांढऱ्या फुलावर ड्रॉपर टेकवण्याचा मोह टाळा. पाकळीचा पांढरा तटस्थ असेलच असं नाही. कार्ड फुलांवर टेकवू नका, वाटेवर उभं राहून हातात धरा. जांभ्यावरच्या त्या पातळ मातीतली रोपं पायाखाली गेली तर आपला अचूक रंग काय कामाचा?

या आठवड्यात प्रत्येक जुन्या लेन्ससाठी एक पान करा : पांढऱ्या कागदावरची तपासणी, ग्रे कार्ड, उघड्या आणि एफ/८ ॲपर्चरला दुधी ॲक्रिलिकचा फोटो, हूडसह आणि हूडशिवाय उजेडाकडे रोखलेला एकेक फोटो. कोणती झाक काढायची आणि कोणती आवडली म्हणून ठेवायची, हे ती पानं समोर ठेवून ठरवा. पुढच्या लेखांकात आपण साताऱ्याच्या पावसाळ्यात लेन्समध्ये वाढणाऱ्या बुरशीकडे वळू.