पर्वतीच्या पायऱ्या

पुणेकराला पर्वती कुठे आहे हे सांगावे लागत नाही. ती कोणाची आहे, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० फूट उंचीची ही काळ्या दगडाची टेकडी एके काळी गावाबाहेर होती. आज ती भर शहरात आहे. सिंहगडापुढे ती ठेंगणीच. पण पेशवाईचा उत्कर्ष, तिचा अस्त आणि त्यानंतर समाजाने स्वतःची घेतलेली परीक्षा, या तिन्ही गोष्टींची ती साक्षीदार आहे.

टेकडीवर पूर्वी देवीचे लहानसे ठाणे होते आणि नानासाहेब पेशव्यांच्या मातोश्री काशीबाई तिला नवस बोलल्या होत्या, अशी आख्यायिका आहे. इतिहास म्हणून सांगायचे तर नानासाहेबांनी येथे देवदेवेश्वराचे मंदिर उभारले, ते १७४९ साली. वर जाणाऱ्या शंभरावर पायऱ्या चांगल्या रुंद व उथळ आहेत. याच टेकडीवर, पानिपतच्या आघातानंतर खचलेल्या नानासाहेबांनी २३ जून १७६१ रोजी देह ठेवला. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई जुंपली, तेव्हा दुसरा बाजीराव पर्वतीवरून ती पाहत होता. ज्या माथ्यावर राज्याचे वैभव मिरवले, त्याच माथ्यावरून त्याचा शेवटही दिसला.

पायथ्याजवळ रमणा होता. श्रावणमासात तेथे ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई बुडाल्यावर या दक्षिणेच्या पैशाला वेगळ्या वाटा फुटल्या. १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिला त्यातूनच आधार मिळाला. पुढे सुधारकांनी आग्रह धरल्यावर त्याचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठी खर्च होऊ लागला. एका जातीपुरता असलेला पैसा असा हळूहळू सार्वजनिक विद्येकडे वळला.

देवळाचा दरवाजा मात्र तितक्या सहज उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील स्त्रीपुरुष शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्या पुढाकाराने पर्वतीच्या पायऱ्या चढू लागले. न. वि. गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्या बरोबर होते. मागणी एवढीच, की देवदर्शन घेऊ द्यावे. उत्तर मिळाले ते दगडांचे आणि शिव्यांचे. राजभोज जखमी झाले. पुढे काही महिने सत्याग्रह चालूनही दार उघडले नाही. मुंबई इलाख्यात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ साली झाला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यताच रद्द केली.

म्हणून पर्वतीचा इतिहास सांगताना १७४९ आणि १८१७ सांगून थांबणे बरे नव्हे. मंदिर बांधणाऱ्याचे नाव आपण आदराने घेतोच. त्याच आदराने, पायरीवर दगड खाऊनही माघारी न फिरणाऱ्यांचीही नावे घेतली पाहिजेत. आज पहाटे कोणी दर्शनाला पर्वती चढतो, कोणी व्यायामाला, कोणी नुसता वारा खायला. त्याची जात कोणी विचारीत नाही. पायऱ्या पेशव्यांनी बांधल्या हे खरे. त्या सर्वांच्या केल्या त्या या माणसांनी.