कोस्केनकोर्व्हा : जवाच्या दाण्याचा पुरता उपयोग

धान्य पिकविणे हे शेतकऱ्याच्या कामाचे निम्मे अंग होय. त्यास खात्रीचे गिऱ्हाईक मिळणे हे दुसरे. या दुसऱ्या अंगाचा विचार करिताना फिनलंड देशातील कोस्केनकोर्व्हा या खेड्याचा वृत्तांत आमच्या वाचकांस उपयुक्त वाटेल, म्हणून तो येथे थोडक्यात देत आहो.

हे खेडे देशाच्या पश्चिम भागात, इल्माजोकी तालुक्यात, क्युरोन नदीच्या सपाट खोऱ्यात वसले आहे. तेथे हिवाळा दीर्घ व पिकाचा हंगाम तोकडा. परंतु उन्हाळ्यात दिवस फार मोठा असल्यामुळे जव, ज्यास आपण सातूही म्हणतो, तो थोड्या दिवसांत तयार होतो.

जवाची दारू गाळणे हा तेथील जुना घरधंदा. सन 1775 मध्ये स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव्ह याने तो हक्क सरकारजमा केला. पण लोकांचा असंतोष इतका वाढला की बारा-तेरा वर्षांतच जमीनधारकांस तो परत द्यावा लागला. पुढे 1866 पासून घरगुती भट्ट्या कायद्याने बंद झाल्या. त्याच सुमारास, 1866 ते 1868 या वर्षांत, पिके बुडून भयंकर दुष्काळ पडला व एक लाखाहून अधिक माणसे दगावली. भुकेच्या वर्षी धान्य भट्टीत घालावे काय, हा प्रश्न त्या लोकांनी असा जवळून पाहिला आहे.

सन 1919 मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. तिचे फळ चोरट्या आयातीत दिसले, आणि लोकमत घेऊन 1932 मध्ये ती उठविण्यात आली. त्यानंतर मद्याचा सर्व व्यवहार सरकारी मक्त्याकडे गेला. या मक्तेदार संस्थेने 1938 मध्ये कोस्केनकोर्व्हा येथे कारखाना घातला. 1953 मध्ये गावाचेच नाव धारण करणारी दारू बाजारात आली. आज हा कारखाना 2021 मध्ये झालेल्या विलीनीकरणातून निघालेल्या अनोरा कंपनीचा आहे. वर्षाकाठी सुमारे 20 कोटी किलो जव त्यास लागतो, व तो देशातल्या शेतकऱ्यांकडूनच घेतला जातो.

आता शेतकऱ्याने विशेष पाहण्याजोगी गोष्ट ही की, दाण्याचा कोणताही भाग तेथे वाया जात नाही. पिठातील पिष्टाचा काही भाग कागद व खाद्य उद्योगांस जातो. उरलेला आंबवून, ऊर्ध्वपातनाने मद्यार्क काढितात. प्रथिने व चोथा यांचे पशुखाद्य होऊन ते गोठ्यांत परत येते. टरफले जाळून वाफ व वीज निर्माण करितात. आंबताना निघणारा कर्बवायूही भाजीच्या काचगृहांस उपयोगी पडतो.

तथापि एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबण्याचा धोका राहतोच. 1995 मध्ये फिनलंड युरोपीय संघात शिरताच धान्याचे भाव एकदम कोसळले. कारखाना होता, म्हणून गिऱ्हाईक टिकले. पण भाव टिकला नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. 2007 मध्ये महाराष्ट्र शासनाने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांस अनुदान देण्याचे धोरण आखले, तेव्हा ज्वारीस भाव मिळेल, असे एक पक्ष म्हणे. गरिबाच्या ताटातली भाकर जाईल, असे दुसरा. मद्यपानाची भलावण आम्हास मुळीच कर्तव्य नाही. परंतु कोणताही धान्यावरचा कारखाना आपल्या भागात येऊ लागला, तर शेतकरी बंधूंनी तीन गोष्टी आधी विचाराव्या : भाव कोण ठरविणार? पेंड व चोथा कोणाच्या गोठ्यात जाणार? आणि दुष्काळी वर्षी धान्य प्रथम कोणाच्या घरी राहणार? या तिन्हींची उत्तरे लेखी मिळाल्यावाचून करारावर सही करू नये, हेच आमचे सांगणे.