आजोबांचा विसरभोळेपणा आणि पेलाभर दूध

साठी बुद्धी नाठी ही म्हण आपल्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. आजोबांना सोसायटीच्या हप्त्याची तारीख आठवेनाशी झाली, आजीने आमटीत मिठाऐवजी साखर घातली, की घरची मंडळी हसतात आणि म्हणतात, वय झाले. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काही वृद्धांचे विसरणे आहारातील एका उणिवेमुळे असते, आणि वेळीच ओळखले तर ते सुधारण्यासारखे असते. ही उणीव ब-१२ या जीवनसत्त्वाची.

शरीराला ते लागते किती? दिवसाला अवघे दोन-अडीच मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पण मज्जातंतूंवरचे आवरण आणि रक्तातील तांबड्या पेशी एवढ्याशावर अवलंबून असतात. गंमत अशी, की कोणतीही वनस्पती ते तयार करीत नाही. ते जंतू तयार करतात. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू चाऱ्यातील कोबाल्टपासून ते बनवतात आणि मग ते दुधात उतरते. जनावरांच्या खनिज मिश्रणात कोबाल्ट घालतात तो याचसाठी. भाकरी, डाळ, शेवगा, मेथी हे सारे उत्तम अन्न खरे, पण ब-१२ त्यांत नाही. ते मिळते दूध, दही, अंडी, मासे आणि मटण यांतून.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातील व शहरातील ४४१ पुरुषांचे रक्त तपासले होते. २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरातील ६७ जणांत ब-१२ कमी आढळले. हे पुरुष मध्यमवयीन होते, म्हातारे नव्हेत.

उतारवयात अडचण वाढते. जठरातील आम्ल कमी झाले की अन्नातील ब-१२ नीट सुटे होत नाही. मधुमेहावरची मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्याने ते अंगी कमी लागते. यकृतात साठा असतो, त्यामुळे तूट लगेच कळत नाही. काही वर्षांनी दिसते.

आता आपल्या घरात काय चालते ते पाहा. दारात म्हैस असते, पण दूध जाते डेअरीला. मागे ठेवलेले नातवंडांच्या वाट्याला, आणि आजीला कोरा चहा. ती मागत नाही, म्हणून कोणी देत नाही. पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम ब-१२ असते. सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध आणि जेवणात वाटीभर दही एवढे तरी वडीलधाऱ्यांसाठी बाजूला काढावे. दूध फार वेळ उकळत ठेवू नये, त्याने काही ब-१२ वाया जाते. ज्यांना चालते त्यांनी अंडे खावे.

मात्र उणीव एकदा झाली, की नुसत्या दुधाने भागत नाही. तळपायाला मुंग्या येणे, अंधारात चालताना तोल जाणे, जीभ लाल व गुळगुळीत होणे, थकवा, चिडचिड, आणि जोडीला विसर, असे दिसले तर रक्त तपासून घ्यावे. डॉक्टर इंजेक्शने किंवा गोळ्या देतात. अशक्तपणावर नुसती फॉलिक आम्लाची गोळी घेत राहणे घातक. रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. फार उशीर झाला तर गेलेले सगळे परत येत नाही.

प्रत्येक विसर ब-१२ मुळेच असतो असे मात्र नाही. थायरॉइडचा विकार, मनाची उदासी, मेंदूचे इतर आजारही कारण असतात, आणि अल्झायमरचा आजार दुधाने बरा होत नाही. तपासणीला जाताना आजोबांच्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. त्यांना विचारल्याशिवाय त्यांतली एकही बंद करू नका.