मिरजेसारखी वागणूक

1919 साली छत्रपती शाहू महाराजांनी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानातल्या दवाखान्यांसाठी एक हुकूम काढला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या रुग्णांना डॉक्टरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी आपुलकीने वागवावं आणि ज्याला ते मान्य नसेल त्याने राजीनामा द्यावा, असा त्याचा आशय होता. अशा रुग्णांना वागवायचं कसं, याचा नमुनाही महाराजांनी त्यात सांगितला: मिरजेच्या अमेरिकन मिशनमध्ये वागवतात तसं.

एका राजाने आपल्या नोकरांना शेजारच्या संस्थानातला परदेशी मिशनऱ्यांचा दवाखाना दाखवावा, ही मोठी गोष्ट आहे. महाराज ख्रिस्ती झाले नाहीत, व्हायचं त्यांच्या मनातही नव्हतं. तिथली वागणूक मात्र त्यांना आपल्या राज्यात हवी होती. ख्रिस्ती प्रीती म्हणजे काय, हे विचारणाऱ्याला मी आधी हा हुकूम दाखवीन, शास्त्रवचनं नंतर.

मिरजेत असं काय चाललं होतं? डॉ. विल्यम वॉन्लेस आणि त्यांच्या पत्नी मेरी 1889 साली हिंदुस्थानात आले. वॉन्लेस मूळचे कॅनडाचे, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर. 1892 साली त्यांनी मिरजेत लहानसा दवाखाना उघडला आणि 1894 साली रुग्णालयाची इमारत उभी राहिली. त्याच वर्षी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार आला. कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 पासून धावत होती, त्यामुळे आजाऱ्याला गाडीत घालून मिरजेला नेणं शक्य झालं. पुढे कोल्हापूर, सांगली, बेळगाव या सगळ्या टापूत, घरचे उपाय थकले की वडीलधारे म्हणायचे, 'आता मिरजेला न्या.'

वॉन्लेस नामांकित शल्यविशारद होते, 1928 साली त्यांना 'सर' किताब मिळाला. पण शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते, त्यानंतरचे पंधरा दिवस रुग्ण दुसऱ्याच कुणाच्या तरी हाती असतो. माझ्या मते मिरजेचं खरं काम तिथे झालं. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. जखम बरी व्हायची ती रोजच्या मलमपट्टीने. चिकटलेली पट्टी कोमट पाण्याने भिजवायची, ओढून न काढता कडेकडेने सोडवायची, पू पुसून घ्यायचा, उकळलेल्या कापडाने जखम स्वच्छ करायची, नवी पट्टी बांधायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मधल्या वेळात कूस बदलायची, अंग पुसायचं, मलमूत्राचं भांडं उचलायचं.

हे काम तेव्हा विटाळाचं होतं. रक्त, पू, बाळंतपण यांना सवर्ण घरातली माणसं हात लावत नसत, आणि लेकीसुनांनी ते नोकरी म्हणून करणं तर दूरच. मिरजेत परिचारिकांचं शिक्षण सुरू झालं तेव्हा पुढे आल्या त्या प्रामुख्याने ख्रिस्ती मुली. या भागातली कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं मूळची महार-मांग समाजातली. ज्यांचा स्पर्श गावच्या पाणवठ्याला चालत नव्हता, त्यांच्या लेकींनी सगळ्या जातींच्या जखमा बांधल्या. पट्टी बांधून घेताना देशमुखालाही तोच हात आणि मजुरालाही तोच. त्या मुलींपैकी फार थोड्यांची नावं कुठे छापली गेली, याची मला खंत वाटते. इमारतींना देणगीदारांची आणि डॉक्टरांची नावं मिळाली. भांडी उचलणाऱ्या 'सिस्टर' नुसत्या सिस्टरच राहिल्या.

लूकच्या शुभवर्तमानात चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे. चोरांनी मारून रस्त्यात टाकलेला एक माणूस. याजक येतो, बघतो, बाजूने निघून जातो. मंदिरात सेवा करणारा लेवीही तसाच जातो. मग यहुद्यांनी हलका मानलेला शोमरोनी येतो. पुढे येशू जे सांगतो, ते एखाद्या परिचारिकेच्या नोंदवहीत शोभेल असं आहे. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. सकाळी उतारशाळेवाल्याला दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणून सांगितलं. तो त्या जखमीला कसलाही उपदेश करत नाही. त्याचा धर्मही विचारत नाही. मला सगळ्यात भावतो तो उधारीचा व्यवहार. परत येताना चौकशी करायची, हे त्याने निघतानाच ठरवून टाकलेलं आहे.

मिशनच्या कामामागे धर्मप्रसाराची इच्छा नव्हती असं म्हणणं खोटं होईल. 1852 साली कोल्हापुरात आलेले रेव्हरंड रॉयल गूल्ड वाइल्डर उघडपणे प्रवचनं करत आणि पत्रकं वाटत. त्यांना शहरातून घालवून द्यावं म्हणून अर्जही झाले. पण त्याच वाइल्डरांनी शाळा काढल्या. त्यांच्या शाळांमधून 3,300 वर मुलं शिकली, त्यांत 300 मुली होत्या. शंभराहून अधिक वर्षांनी मागे बघताना मला वाटतं, प्रवचन ऐकून फार थोडे बदलले असतील. पाटी-पेन्सिल हातात आलेली मुलगी मात्र नक्की बदलली. आज कोल्हापुरातल्या ईस्थर पॅटन किंवा आयर्विन ख्रिश्चन या मिशनच्या शाळांत सगळ्या धर्मांची मुलं असतात. डॉ. वॉन्लेसांच्या पत्नीच्या नावाचं मेरी वॉन्लेस रुग्णालय कोल्हापुरात आहे.

मिरजेलाच कुष्ठरुग्णांसाठी रिचर्डसन रुग्णालय उभं राहिलं, तेव्हा कुष्ठरोगावर खात्रीचं औषध नव्हतं. 1920 साली मिरज-सांगली रस्त्यावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघालं, त्या जागेचं नावच वॉन्लेसवाडी पडलं. क्षयाचीही औषधं यायला अजून वीस-पंचवीस वर्षं होती. उपाय एवढाच: मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंड्यांचा आहार आणि खोकणाऱ्या माणसाशेजारी बसायला न घाबरणारं कुणीतरी. बरं करण्याची खात्री नसताना महिनोन् महिने एखाद्याची सेवा करत राहणं, हे मला शस्त्रक्रियेपेक्षा अवघड वाटतं.

आता रुग्णसेवा हा पगारी व्यवसाय आहे, तो सगळ्या जातीधर्मांच्या मुली आणि मुलगेही करतात. चांगलंच झालं. तरी पगारी माणसाच्या पलीकडचं बरंच काम उरतं. कोल्हापुरात सीपीआर किंवा कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या आवारात संध्याकाळी चक्कर मारा. चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीकडून आलेली माणसं सतरंजी टाकून बसलेली असतात. चर्चच्या मंडळीतली, तालमीतली, तरुण मंडळांतली माणसं डबे घेऊन जातात, तेव्हा फळं आणि बिस्किटं उदंड होतात. त्या नातेवाइकांशी बोललं की गरज वेगळीच निघते. रात्री नऊनंतर गरम पाणी कुठे मिळेल? फॉर्मवर काय लिहिलंय ते वाचून कोण दाखवील? रक्ताच्या पिशवीसाठी कुठल्या खिडकीवर जायचं? म्हातारीला अंघोळ करून यायची आहे, तेवढा तासभर पेशंटजवळ कोण बसेल?

ज्यांना यंदाच्या दिवाळीत किंवा येत्या नाताळात काही करावंसं वाटतं, त्यांनी मिठाईचा एक पुडा कमी न्यावा आणि हा एक तास द्यावा. आधी वॉर्डातल्या सिस्टरला विचारावं, कारण कुणाला खायला द्यायचं नाही, कुणाला पाणी मोजून द्यायचं, ते तिलाच माहीत असतं. हात साबणाने धुऊन आत जावं, फोटो काढू नये. आणि निघताना पुन्हा कोणत्या वारी येणार ते सांगावं, त्या वारी जावं.