कुलूप न तोडताही घरफोडी होते

‘कुलूप शाबूत आहे, दाराला ओरखडासुद्धा नाही, मग ही घरफोडी कशी म्हणायची?’ दागिने गेलेला माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधीच असा विचार करतो आणि ‘चोरी झाली’ एवढंच सांगून येतो. काय काय गेलं याची यादी त्याला तोंडपाठ असते, पण चोर आत कसा शिरला हे सांगायचं राहून जातं. कायदा मात्र शिक्षा ठरवताना आधी तेच विचारतो: कुठून शिरला, कधी शिरला आणि कशासाठी शिरला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. घरफोडीची व्याख्या आता कलम ३३० मध्ये आहे आणि शिक्षा कलम ३३१ मध्ये. बातम्यांत वर्षानुवर्षं वाचलेली ४५४, ४५७, ३८० ही जुनी कलमं. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना ती अजूनही लागतात. कलमांचे आकडे बदलले असले तरी व्याख्येचा गाभा १८६० चाच आहे.

पहिली पायरी फौजदारीपात्र अतिक्रमणाची. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करण्याच्या, किंवा ताबेदाराला धमकावण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या, त्याला त्रास देण्याच्या हेतूने शिरणं, किंवा रीतसर आत येऊन मग अशा हेतूने तिथेच थांबून राहणं, म्हणजे हे अतिक्रमण. ती जागा राहण्याची इमारत, तंबू किंवा जहाज असेल, प्रार्थनास्थळ असेल किंवा माल ठेवण्याची इमारत असेल, तर ते गृहअतिक्रमण होतं. म्हणजे किराणा दुकान, गोदाम, गावाबाहेरचं देऊळ हे सगळं या अर्थी ‘गृह’च. ‘दुकान फुटलं, त्याला घरफोडी कशी म्हणणार?’ हा प्रश्न इथेच मिटतो. आणखी एक: आत शिरण्यासाठी अख्खा माणूस आत जावा लागत नाही. शरीराचा कोणताही भाग आत गेला की पुरे. खिडकीच्या गजांतून घातलेला हातसुद्धा प्रवेशच आहे.

या गृहअतिक्रमणाची घरफोडी कधी होते? कायद्याने सहा मार्ग सांगितले आहेत. स्वतः भोक पाडून शिरणं, माणसांच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या वाटेने किंवा भिंत चढून शिरणं, राहणाऱ्याच्या मनात नसलेल्या रीतीने वाट उघडणं, जसं फटीतून तार घालून आतली कडी सरकवणं, कुलूप उघडणं, मारहाण करून किंवा मारण्याचा धाक घालून शिरणं, आणि बंद केलेली वाट आपण किंवा आपल्या साथीदाराने उघडून तिच्यातून जाणं. यात कुलूप ‘तोडणं’ आवश्यक असल्याचं कुठेही म्हटलेलं नाही, ‘उघडणं’ एवढंच आहे. घरमालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दार उघडून कोणी शिरला, तर ती घरफोडीच, असं उदाहरण खुद्द कायद्यातच दिलेलं आहे. चपलांच्या स्टँडमागे ठेवलेली किल्ली वापरून घर साफ करणारा चोर या तरतुदीत नेमका बसतो. हेच मार्ग बाहेर पडतानाही लागू होतात. दिवसा गिऱ्हाईक म्हणून दुकानात येऊन लपून बसलेला आणि रात्री माल घेऊन आतून कुलूप उघडून पळालेला माणूसही घरफोड्याच.

आता उघड्या दाराविषयी. उकाड्यात दार सताड उघडं ठेवून झोपलेल्या घरात चोर शिरला तर लोक पोलिसांआधी घरच्यांनाच दोष देतात, आणि घरचेही ओशाळून म्हणतात, ‘आमचीच चूक, आता कसली केस होणार?’ हे ऐकून मला खरोखर वाईट वाटतं, कारण दार उघडं ठेवल्याने चोराचा गुन्हा तसूभरही पुसला जात नाही. उघड्या दारातून सरळ चालत येणं ही घरफोडी नसेल, पण चोरीसाठी केलेलं गृहअतिक्रमण आहेच. त्याला कलम ३३२ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ खाली पुन्हा सात वर्षांपर्यंत. शिवाय घरच्यांना पत्ता लागू नये म्हणून त्याने काही खबरदारी घेतली असेल, तर ते चोरटं गृहअतिक्रमण ठरतं आणि त्याची शिक्षा घरफोडीइतकीच आहे.

‘काही गेलं नाही, कशाला तक्रार करायची?’ हीसुद्धा घातक समजूत आहे. कपाट उघडता आलं नाही म्हणून चोर रिकाम्या हाताने गेला, तरी घरफोडी पूर्ण झालेली असते. कायदा चोरीच्या उद्देशाने आत शिरण्यालाच शिक्षा सांगतो: दिवसा दहा वर्षांपर्यंत, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी चौदा वर्षांपर्यंत. उद्देश अर्थातच परिस्थितीवरून सिद्ध करावा लागतो, म्हणून उचकटलेलं कपाट आणि विस्कटलेले कपडे पोलीस येईपर्यंत आवरू नयेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ तर आणखी अलीकडे येतं. रात्री घरफोडीची हत्यारं वाजवी कारणाशिवाय जवळ सापडणं हाही त्याखाली गुन्हा आहे.

सर्वांत जास्त भांडणं ज्यावरून होतात तो गैरसमज मात्र चोरांचा नाही, घरमालकांचा आहे. ‘घर माझं, भाडेकरू भाडं देत नाही, मी कुलूप बदलणार.’ अतिक्रमणाची व्याख्या मालकी पाहत नाही, ताबा पाहते. भाडेकरू गावी गेला असताना त्याला हुसकावण्यासाठी कुलूप उघडून सामान बाहेर काढणारा मालक स्वतःच आरोपी होऊ शकतो. याला दुसरी बाजूही आहे. आपल्या शिरण्याने कोणाला तरी त्रास होईल एवढं माहीत असणं पुरेसं नाही, शिरणाऱ्याचा हेतूच त्रास देण्याचा असायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने मथ्री विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात स्पष्ट केलं. त्यामुळे शेजाऱ्यांच्या प्रत्येक वादातली घुसखोरी फौजदारी गुन्हा होत नाही.

‘चोर घरात सापडला तर काहीही करायची मुभा आहे’ हेही अर्धसत्य. रात्रीच्या घरफोडीत मालमत्तेच्या बचावाचा हक्क प्रसंगी प्राण घेण्यापर्यंत जातो, हे खरं. पण बचावाला आवश्यक तेवढंच बळ वापरायचं ही अट तिथेही सुटत नाही, आणि घरफोडीने सुरू झालेलं अतिक्रमण चालू असेपर्यंतच तो हक्क टिकतो. पकडून खांबाला बांधलेल्या माणसाला मारहाण करणं हा बचाव नाही. ते करणाऱ्या जमावावर गुन्हा दाखल होतो, आणि व्हायलाच हवा.

शेवटी विम्याचं, कारण इथे कायदा आणि पॉलिसी वेगळ्या वाटेने जातात. हरवलेल्या किल्लीने दार उघडणं न्याय संहितेनुसार घरफोडी असली, तरी घरफोडीच्या अनेक विमा पॉलिसींत बळजबरीच्या आणि हिंसक प्रवेशाची किंवा बाहेर पडण्याची अट असते. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: पॉलिसीतली व्याख्याच बंधनकारक, बळाचा वापर झालेला नसेल तर भरपाई नाही. म्हणून पॉलिसी घेतानाच तिच्यात बळजबरीविना झालेली चोरी समाविष्ट आहे का ते वाचावं. आणि चोरी झालीच, तर वाकलेला गज, सरकवलेली कडी, उचकटलेली खिडकी यांची नोंद पंचनाम्यात आली आहे ना, हे सही करण्यापूर्वी पाहावं.